एकतीस लाद्यांवरून हाक

डॉक्टरबाबू, भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायचं, हे काही तुम्ही बरं केलं नाहीत. त्या रविवारी बागबाजारच्या तुमच्या घरून निघताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी या, पोटभर भांडू." मी मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. गुरुवारी सकाळी तुमच्या नर्स शिखादीचा फोन आला. तुम्ही गेलात, एवढंच तिने सांगितलं.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचता आलं नसतं, पण त्यानं काय बिघडतं? आपलं सगळं बोलणं तुमच्या बंगाली हिंदीत आणि माझ्या मराठी हिंदीत चालायचं. भांडण रंगलं की मी सरळ मराठीत घसरायचे आणि तुम्ही बंगालीत. तरी एकही मुद्दा कुणाचा सुटायचा नाही. आजही तसंच समजा.

सगळ्यात आधी माझी चूक पुन्हा एकदा कबूल करते. आम्ही नाशिकहून कोलकात्याला आलो तेव्हा रेवा अडीच वर्षांची होती. सुहासची बदली खिदिरपूरच्या गोदीत, कस्टमच्या ऑफिसात झाली होती. घर सॉल्ट लेकच्या सरकारी वसाहतीत. घरात मराठी, खाली बागेत बंगाली, बालवाडीत इंग्रजी आणि रिक्षावाल्याशी हिंदी. थोड्याच महिन्यांत रेवा कुजबुजायला लागली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, भाषा कळत नाही म्हणून बुजते. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत तिने श्लोक म्हटला, तो पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. सगळ्या काकवा म्हणाल्या, "लाजते गं. बदलीवाल्यांची मुलं अशीच असतात." मला ते इतकं पटलं, की विचारू नका. मी रोज तिला मराठी गोष्टी वाचून दाखवायला लागले, म्हणजे तिची भाषा सुधारेल. श्वासाबरोबर छातीतून बारीक शिट्टी यायची, तिला एका डॉक्टरांनी दमा म्हटलं आणि पंप दिला. दमा वेगळा आणि लाजणं वेगळं, अशा दोन खणांत मी ते दोन्ही नीट लावून ठेवलं. मी गणिताच्या शिकवण्या घेते, डॉक्टरबाबू, आणि मला ही साधी बेरीज जमली नाही.

बेरीज शिखादीने केली. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची आणि तुमच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत नर्स होती, एवढंच मला माहीत होतं. एका दुपारी रेवा जिन्यात पडली आणि दोन्ही गुडघे सोलले. तोंड पूर्ण उघडलेलं, गालांवरून धारा, आणि आवाज जवळजवळ नाहीच. शिखादी दारात आली, एक क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं लागलं आणि आवाज नाही? उद्या सकाळी डॉक्टरबाबूंकडे. दुसरं काही ऐकणार नाही."

तुमचं पहिलं दर्शन काही फार प्रसन्न नव्हतं. टेबलावर मुरमुऱ्यांची वाटी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आमचं आडनाव वाचल्यावर शिखादीकडे बघून काढलेले उद्गार: "बर्गी आले! आमच्या बागबाजारापाशी तुम्हाला अडवायला खंदक खणला होता, तरी पोचलातच?" बर्गी म्हणजे एके काळी बंगालवर चालून आलेले मराठे स्वार, आणि इकडे जुन्या बायका मुलांना झोपवताना अजून त्यांची भीती घालतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला राग आला. मग तुम्ही रेवाला म्हणालात, "एशो मा," म्हणजे ये आई, आणि मी आणखी गोंधळले. साठीचा माणूस साडेतीन वर्षांच्या पोरीला आई म्हणतो आहे!

तुम्ही तिचा घसा आधी पाहिलाच नाहीत. मला विचारलंत, "घरी ओरडते का? तुमच्या भाषेत? रागावली की?"

मी म्हटलं, "शांत आहे हो स्वभावाने."

"स्वभाव विचारला नाही. शेवटचं कधी ओरडली?"

मी आठवायला लागले. खूप मागे गेले, पार नाशिकच्या घरापर्यंत. तुम्ही चष्म्यावरून बघत होतात. "मूल वर्षभर ओरडलं नाही आणि आई म्हणते लाजतं," असं तुम्ही म्हणालात. त्या वाक्याबद्दल मी तुम्हाला कितीतरी दिवस माफ केलं नव्हतं. खरं होतं म्हणून.

मग तुम्ही तिला बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेलंत. तिला भिंतीशी उभं केलंत आणि स्वतः पार दुसऱ्या टोकाला जाऊन तिच्याकडे पाठ करून उभे राहिलात. "मा, मला हाक मार. ऐकू आलं की वळेन." रेवाने हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. तुम्ही पाठमोरेच एक लादी मागे सरकलात. पुन्हा हाक, पुन्हा एक लादी. ओपीडीतली सगळी माणसं बघत होती. रेवाला तो खेळ वाटला, तिचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि तुम्ही येतच होतात, येतच होतात. तिच्यापासून चौथ्या लादीवर तुम्ही वळलात. तुम्ही कागदावर आधी आकडा लिहिलात, चार, आणि मग दुर्बिणीची नळी मागवलीत.

त्या नळीने पडद्यावर जे दिसलं, ते आजही भाजीवाल्याकडे फ्लॉवर बघताना मला आठवतं. स्वरतंतूंवर बारीक बारीक पांढरट तुरे, एकावर एक. मधून श्वास जायला शहाळ्यातल्या नळीएवढी वाट. "पॅपिलोमा," तुम्ही म्हणालात. "एका विषाणूमुळे होतात. कॅन्सर नाही, हे पहिलं ऐका. आणि काढले तरी पुन्हा उगवतात, हे दुसरं ऐका. उद्या सकाळी ऑपरेशन."

मी तुमचे पाय धरले होते, आठवतं? कुणीतरी सांगितलं होतं की गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली की श्वासाची चिंता मिटते. मी म्हटलं, तेच करा, आवाज गेला तरी चालेल, मला मूल हवं आहे. तुम्ही मला उठवून खुर्चीवर बसवलंत. "अगदीच जिवावर आलं तर करीन. पण खाली नवी वाट करून दिली की हे तिकडेही पसरू शकतात. मला ती वाट त्यांना दाखवायची नाही." आणि पुढे, "आवाज गेला तरी चालेल हे तुम्ही ठरवायचं नाही. तो तिचा आहे."

दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आणि तुम्ही एकाच इवल्याशा घशात काम करत होतात. श्वास त्यांना सांभाळायचा आणि हत्यार तुम्हाला चालवायचं, आणि बोळ एकच. मी बाहेर बाकावर होते. तुम्ही आलात, माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "वाट मोकळी झाली. थोडं मुद्दाम ठेवलंय."

थोडं ठेवलंय! मी अशी काही भडकले की सुहास मला आवरायला लागला. घर झाडायला बोलावलेल्या बाईने कोपऱ्यात केर ठेवला तर आपण ऐकून घेतो का, असं काहीतरी मी मराठीत बोलले. तुम्ही शांतपणे दोन बोटं पुढच्या टोकाला जुळवून दाखवलीत. "इथे दोन्ही तंतू एकमेकांना मिळतात. दोन्ही बाजू एकदम सोलल्या तर ते कायमचे चिकटतील. मग आजार जाईल आणि आवाजही जाईल. मला दिसतंय ते सगळं काढायचा मोह होतो. हात आवरायला मला वीस वर्षं लागली." तेव्हा मला ते पटलं नाही. आज रेवा बोलते ती तुमच्या त्या आवरलेल्या हातामुळे, हे तुमच्या तोंडावर मी एकदाही नीट सांगितलं नाही.

मग ते आपलं आयुष्यच झालं. आधी दर सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, मग मध्येच पुन्हा महिन्याने. तेवीस ऑपरेशनं. प्रत्येक वेळी आधी व्हरांडा, मग नळी. सात लाद्या, अकरा, पुन्हा पाच, मग चौदा. सुहासची विशाखापट्टणमला बदली झाली तेव्हा तो एकटा गेला आणि मी रेवाला घेऊन इथेच राहिले. नाशिकहून सासूबाई विचारायच्या, तिकडे डॉक्टर नाहीत का? डॉक्टर होते. पण रेवाच्या घशातला प्रत्येक कोपरा ज्याला ठाऊक आहे असा माणूस एकच होता.

तुम्ही तिच्याशी कधी खोटं बोलला नाहीत. बाकी सगळे म्हणायचे, काही नाही होणार बाळा. तुम्ही म्हणायचात, "मा, उठल्यावर घसा दुखेल. दोन दिवस चिडचिड होईल. चिडून घे." प्रत्येक ऑपरेशननंतर तिला तिच्याच घशाचं चित्रीकरण दाखवायचात. सात वर्षांची असताना तिने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथे परत आलाय एक." तुम्ही शिखादीला मोठ्याने म्हणालात, "माझी नोकरी गेली!" आमच्या 'रेवा'ची तुम्ही 'रेबा' केलीत, आणि शाळेत नवीन मुलींना ती स्वतःचं नाव तसंच सांगायला लागली. मी रागावले तर मला म्हणते, "डॉक्टरबाबू तसंच म्हणतात." म्हणजे तेच खरं.

आता आपल्या भांडणाकडे येते.

रेवा नऊ वर्षांची असताना तुम्ही लस द्यायला सांगितलीत. "उपयोग होईलच असं नाही. झाला तर बरं." मी घरी येऊन ती लस कशावरची असते ते वाचलं, तर याच जातीच्या विषाणूवरची. वाचता वाचता पुढे गेले, आणि हा विषाणू लेकराला बहुतेक वेळा कुठून मिळतो ते वाचलं. आईकडून. जन्माच्या वेळी.

मी दुसऱ्याच दिवशी तुमच्या खोलीत घुसले. बाहेर रांग होती, शिखादी अडवत होती. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं."

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"रडले असते!"

"तेच. मला तेव्हा रडणारी आई नको होती. मुलीचा श्वास मोजणारी आई हवी होती."

"आईला दोन्ही एकदम करता येतं, डॉक्टरबाबू."

त्यावर तुम्ही मला बसायला खुर्ची पुढे केलीत. तेवढा एक मुद्दा मी जिंकले, असं मी आजवर धरून चालले आहे. मग तुम्ही मला समजावलंत. किती बायकांच्या अंगात हा विषाणू असतो आणि त्यांना पत्ताही नसतो, त्यांतल्या कितीतरी जणींच्या मुलांना काहीच होत नाही. "सर्दी कुणाकडून आली म्हणून कुणी आईवर खटला भरत नाही." माझ्या डोक्याला ते कळलं. बाकीच्या मला कळलं नाही. मी तुमच्याकडून वचन मागितलं, की रेवाला हे कधीही सांगायचं नाही. तुम्ही ते दिलं नाहीत. "तिच्या घशाची गोष्ट आहे. आपणहून सांगणार नाही. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्याआधी तुम्ही सांगा."

तेव्हापासून दर भेटीत शेवटी तुमचा तोच प्रश्न, "सांगितलंत?" आणि माझं तेच, "परीक्षा होऊ दे", "सुट्टीत सांगते", "अजून लहान आहे". मला खरंच वाटायचं, की तिला कळलं तर ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. तेवीस वेळा भूल घेतलेलं माझं मूल, आणि ते सगळं माझ्यामुळे. तुम्ही दूरचे होतात म्हणून तुम्हाला सोपं होतं, असंही मी एकदा बोलले. ते मागे घेते. तुम्ही दूरचे नव्हतात.

रेवा अकरा वर्षांची झाल्यावर आजार हळूहळू थांबला. एका तपासणीत ती भिंतीशी आणि तुम्ही पार शेवटच्या, एकतिसाव्या लादीवर, आणि पहिल्याच हाकेला तुम्ही वळलात. शिखादीने सगळ्या ओपीडीला संदेश मिठाई वाटली.

आणि मग ते भयंकर वर्ष. रेवा बारा वर्षांची. एकतीसचे सव्वीस झाले. पुढच्या खेपेला एकोणीस. त्याच्या पुढच्या खेपेला बारा. रेवाचा आवाज मला तर तसाच वाटत होता, पण माझ्या कानांवर माझा विश्वास कुठे होता? एकदा फसलेच होते ना मी! तुम्ही नळी घातलीत. पडदा स्वच्छ. पुन्हा घातलीत. स्वच्छ. मग उठून व्हरांड्यात गेलात, शिखादीला शेवटच्या लादीवर पाठमोरं उभं केलंत आणि रेवाला म्हणालात, "आता हिला हाक मार."

शिखादी पहिल्याच हाकेला वळली.

तुम्ही मधल्या बाकावर बसलात आणि हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात. "रेबा-मा, तुझा गळा साफ आहे. डॉक्टर बिघडला." रेवाही हसायला लागली. मी मात्र त्या बाकाच्या कडेला धरून रडत होते, आनंदाने आणि तुमच्यासाठी, दोन्ही एकदम. आईला येतं ते, म्हटलं होतं ना?

महिन्याभरात तुम्ही ऑपरेशनं थांबवलीत. हात अजून स्थिर होते, सगळे तुम्हाला आग्रह करत होते. तुमचं म्हणणं एकच होतं, "लहान मुलाच्या घशात काम करताना श्वासाचा आवाज बदलला तर तो मला आधी ऐकू यायला हवा." आपल्याला आता काय ऐकू येत नाही हे इतक्या साधेपणाने मान्य करणारा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमच्या थोरपणाच्या गोष्टी काल पुष्कळ जणांनी सांगितल्या. मला तुमची हीच सगळ्यात मोठी वाटते.

काल तुमचं श्राद्ध झालं. आम्ही निशिगंधाचा हार घेऊन आलो होतो. रेवा आता पंधराची आहे. तुमच्या फोटोला हार तिनेच घातला. तुमच्या पत्नीने, आमच्या माशिमांनी, तिला आत बोलावून तिची जुनी फाइल दिली. निवृत्त होताना तुम्ही ती घरी आणून ठेवली होतीत म्हणे. कपाटात दुसऱ्या कुणाची नव्हती. पहिल्या कागदावर चार, आणि मग खाली खाली सगळे आकडे. शेवटचा आकडा बारा. त्याच्यापुढे तुमच्या अक्षरात बंगालीत लिहिलेलं रेवाने मला वाचून दाखवलं: "कान माझे. गळा निर्दोष."

आम्ही चालत बागबाजारच्या घाटावर आलो आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. 'निर्दोष' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. तुमचा रविवार काही आता येणार नव्हता. मी ठरवलं, आत्ताच. "रेवा, तुला एक सांगायचंय," मी सुरुवात केली. "तुझा आजार आला ना, तो..." आणि नेमकी मागच्या रुळांवरून शहराभोवती फिरणारी चक्ररेलची गाडी धडधडत आली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरुवात झाली नसती. मी त्या आवाजात सगळं बोलून टाकलं, जन्माचं, विषाणूचं, माझं. तिचा चेहरा तसाच होता. मला वाटलं, तिला काही ऐकू आलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

"आई, मला माहीत आहे!"

ती गाडीच्या आवाजावर मात करायला ओरडली, आणि तोवर गाडी निघून गेली होती. त्या शांत घाटावर तिचा तो जाडाभरडा, खरखरीत आवाज पार खालपर्यंत गेला. पाण्याजवळच्या पायरीवर एक बाई कपडे पिळत होत्या. त्यांनी हात थांबवून मागे वळून पाहिलं.

मग रेवाने हळू आवाजात सांगितलं. तेरा वर्षांची असताना तिने तुम्हाला विचारलं होतं, हे मलाच का झालं. तुम्ही सांगितलंत, सगळं, खरं. आणि म्हणालात, "आईला हे माहीत आहे, आणि तिला ते फार जड झालंय. तू घाई करू नकोस. तिची ती सांगेल." दोन वर्षं माझी मुलगी माझ्यासाठी थांबली होती. आणि तुम्ही दर वेळी मला "सांगितलंत?" विचारत होतात, काही माहीत नसल्यासारखे!

"मग तुला माझा राग नाही आला?" मी विचारलं.

"कशाचा?" ती म्हणाली, आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

म्हणजे भांडण तुम्हीच जिंकलात, आणि मला उत्तर द्यायची सोय न ठेवता. तेव्हा आता फक्त हिशेब पुरा करते. उठताना मी त्या कपडे धुणाऱ्या बाईंपर्यंतच्या पायऱ्या मोजल्या. आज सकाळी रेवाची फाइल उघडून तुमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं: बावीस. लाद्या नाहीत, घाटाच्या पायऱ्या आहेत, तेवढं चालवून घ्या. आणि पलीकडे पाठ करून उभं राहायला तुम्ही नव्हतात. एक परकी बाई होती, आणि ती पहिल्या हाकेला वळली.